बॅकलाइटचं पीठ

माझी आणि पायस मिस्किटांची ओळख भांडणाने झाली, आणि चूक त्यांची होती. रविवारची दुपार, अख्खी बिल्डिंग जेवून आडवी झालेली, आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून कर्रर्र असा जो आवाज सुरू झाला तो थांबेचना. माजिवड्याच्या जुन्या गावाला चिकटून आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा बिल्डरने सांगितलं होतं, शेजार शांत आहे, चार-सहा ख्रिश्चन घरं आहेत, भली माणसं आहेत. मी गाऊनवर ओढणी टाकली आणि त्या भल्या माणसांना चार शब्द सुनावायला खाली उतरले.

दार त्यांच्या बायकोने, एडनाने उघडलं. बुटकी, फुलाफुलांचा झगा, हातात झाडू. "आत नको येऊ गो," ती म्हणाली, "पीठ पडलंय."

मला वाटलं, बाई दळण करतेय. डोकावून पाहिलं तर खोलीभर तपकिरी पावडर. टेबलावर, लादीवर, येशूच्या तसबिरीच्या काचेवरसुद्धा. मधोमध एक उंच माणूस तोंडाला मास्क बांधून फिरत्या चाकावर काहीतरी घासत उभा होता, आणि त्याच्या भुवयाही तपकिरी झाल्या होत्या. त्याने मला पाहिलं, हातातली कड नीट पूर्ण केली, मगच मशीन बंद केलं आणि मी तोंड उघडायच्या आत मास्क खाली ओढून विचारलं, "बाय, तू भाजी कशाने चिरतंस?"

"सुरीने. आणखी कशाने चिरणार?"

"आण ती सुरी."

आणि मी, रसिका गोडबोले, डोंबिवलीत वाढलेली, रिक्षावाल्यांना न घाबरणारी बाई, निमूट वर जाऊन सुरी घेऊन आले. पंधरा दिवसांनी ती परत मिळाली तेव्हा तिची चिरफळलेली लाकडी मूठ गेली होती आणि तिच्या जागी लालसर तपकिरी, आत काळ्या रेघा फिरलेली नवी मूठ आली होती. कुठल्याशा जुन्या रेडिओच्या खोक्यातून कापलेली. हातात घेतली तर माझ्याच बोटांचं माप घेऊन केल्यासारखी बसली. भांडायचं राहूनच गेलं.

पायसभाऊंचं काम असं होतं. पातं बाजारातलं, मूठ त्यांची, आणि मूठ कायम जुन्या प्लास्टिकची. नव्याला ते हात लावत नसत. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षं प्रेसवर काढली होती. साच्यात बॅकलाइटची, म्हणजे त्या जुन्या टणक प्लास्टिकची, पावडर ओतायची, वरून उष्णता आणि दाब द्यायचा, की कुकरची मूठ तयार, विजेच्या बटणाचं झाकण तयार. दोन हजार तीन साली कंपनी बंद पडली आणि पायसभाऊ घरी बसले. त्यांचं दुःख नोकरी गेल्याचं कमी आणि माल फेकला गेल्याचं जास्त होतं. विठ्ठलवाडीच्या भंगाराच्या गाळ्यांत त्यांना आपल्याच हाताने काढलेली बटणं ढिगाने दिसायची. ते ती पोत्यात भरून घरी आणायचे आणि एडना डोक्याला हात लावायची.

"दुसरं प्लास्टिक गरम केलं की परत पातळ होतं," ते मला एकदा म्हणाले. "शब्द फिरवतं मेलं. बॅकलाइट नाय फिरवत. एकदा झाला तो झाला, मग जाळलात तरी वितळणार नाय."

पहिली मूठ त्यांनी एडनाच्या मासळीच्या सुऱ्याला बसवली. लाकडाची मूठ मासळीच्या पाण्याने फुगायची, वास धरायची. बॅकलाइटला पाण्याचं काही नाही. तो सुरा बाजारात कोळणींनी पाहिला आणि दोन महिन्यांत पायसभाऊंच्या दारात सुऱ्यांची रांग लागली. पुढे त्यांच्या मुलीने, नताशाने, मोबाइलवर फोटो टाकले आणि मग ठाण्यातल्या हॉटेलांचे आचारी येऊ लागले, घोडबंदरच्या टॉवरमधली हौशी मंडळी येऊ लागली. कोणी आजोबांच्या कॅमेऱ्याचं खोकं आणायचं, कोणी आईच्या इस्त्रीची मूठ. डोंबिवलीहून देवेश नावाचा एक मुलगा आईच्या काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर घेऊन आला. आई गेली होती. त्याला त्या रिसीव्हरची सुरी हवी होती, कारण आई तो रिसीव्हर खांद्यात धरून भाजी निवडायची. पायसभाऊंनी तो चार दिवस नुसता समोर ठेवला, मग कापला. सुरी हातात आली तेव्हा तो मुलगा त्यांच्या ओट्यावर बसून रडला आणि पायसभाऊ आत जाऊन भांडी वाजवत राहिले, कारण कोणी रडायला लागलं की त्यांना काय करावं ते कळत नसे.

वस्तू आली की ते आधी अंगठ्याने घासायचे, गरम होईपर्यंत, आणि नाकाशी न्यायचे. कापराचा वास आला तर ते कचकडं, लगेच परत करायचे. "चुलीपाशी पेट घेईल, तुझं घर जाळायचं हाय काय?" जळक्या दुधाचा वास आला तर ते दुधापासून केलेलं जुनं बटणाचं प्लास्टिक, ते पाण्यात फुगतं म्हणून तेही परत. आणि दवाखान्यासारखा उग्र वास आला की चेहरा खुलायचा. तो बॅकलाइट. पायसभाऊंच्या अंगाला, कपड्यांना, त्यांच्या घरातल्या पडद्यांना तोच वास होता. एडना म्हणायची, "लग्नाच्या रात्री मना वाटलं, ह्या माणसाला कंपाउंडरने धाडलंय."

आता त्या पिठाबद्दल. कंपनीत साच्यात ओतायच्या पावडरीला सगळे कामगार पीठच म्हणत. "पीठ ओत," "पीठ कमी पडलं," असं. पायसभाऊंनी तो शब्द घरी आणला आणि मग मुठी घासताना उडणाऱ्या भुकटीलाही घरात पीठच म्हणू लागले. पिठाला कोण घाबरतं? एडना तर नाहीच. नवरा गिरणीवाल्यासारखा, पण पांढऱ्याऐवजी तपकिरी होऊन येतो याचं तिला हसू यायचं. कंपनीच्या शिस्तीमुळे काम करताना मास्क लावायची सवय पायसभाऊंना कायमची लागली होती. शेजाऱ्यांच्या वाळवणावर पीठ जाऊ नये म्हणून ते खिडक्या बंद करत, पंखा बंद करत, चारपाच तास घासत, आणि काम संपलं की मास्क खुंटीला लावून बाहेर ओट्यावर हवा खायला येत. मग एडना पदर खोचून, म्हणजे झगा आवरून, आत झाडायला जायची. मऊ झाडूने, हळूहळू, सुपलीत भरून. वीस वर्षं मी हे माझ्या गॅलरीतून पाहिलं आहे. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. मास्क, हातमोजे, जंतू, सगळं मला ठाऊक होतं. आणि मला एकदाही वाटलं नाही, की अगं बाई, हा मास्क चुकीच्या माणसाच्या तोंडावर आहे. मी स्वतःला हुशार समजते, म्हणून हे लिहिताना जास्त त्रास होतो.

मे महिना आला की त्या चार-सहा घरांत बॉटल मसाल्याची धांदल असायची. वीस-पंचवीस जिन्नस, मिरच्याच चार जातीच्या, सगळं भाजायचं, कुटायचं आणि काळपट बाटल्यांत दाबून वर्षभर पुरवायचं. त्या आठवड्यात सगळं गाव खोकतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून बसतो तरी खोकतो. त्याला सगळे मसाल्याचा खोकला म्हणतात आणि कोणी औषध घेत नाही, कारण पाऊस लागला की तो आपोआप जातो. दोन हजार बावीसच्या मे महिन्यात एडनाला मसाल्याचा खोकला झाला. पाऊस लागला तरी गेला नाही.

"यंदा मिरची तिखट होती," ती म्हणाली.

"यंदा तू म्हातारी झालीस," मी म्हणाले. असं म्हणाले मी. गणपती झाले तरी ती खोकत होती आणि मी तिला ज्येष्ठमधाची काडी दिली. देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या सात पायऱ्या चढताना ती तिसरीवर थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत छातीचा फोटो काढायला नेलं. उजव्या बाजूला पाणी भरलं होतं. पाणी काढलं, तुकडा तपासायला गेला, आणि तो रिपोर्ट त्या दोघांच्या आधी मी वाचला. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. आयुष्यभर असे रिपोर्ट दुसऱ्यांच्या हातात दिले, पण हा मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

कॅन्सरच्या डॉक्टर क्षिप्रा तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. पायसभाऊ खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, तुम्ही कधी कारखान्यात काम केलंय? छपराचे पत्रे, पाइप, ब्रेक, असलं काही?"

"नाय बा," एडना म्हणाली. "मी घरीच."

"आणि काका?"

"बॅकलाइटच्या कंपनीत. पंचवीस वर्षं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच की," एडना म्हणाली, आणि मला अजून आठवतं, ती हे अभिमानाने म्हणाली. "रोज. आधी चांगले झटकायचे, सगळं पीठ काढायचे, मग भिजवायचे. पायसचा सदरा कवा मळका दिसला नाय कुणाला."

डॉक्टरांनी मग सावकाश समजावून सांगितलं. उष्णता सोसणाऱ्या बॅकलाइटमध्ये पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे मिसळायचे. डोळ्यांना न दिसणारे. भुकटीबरोबर ते छातीत जातात आणि तिथेच राहतात, तीस वर्षं, चाळीस वर्षं. मग एक दिवस हे असं होतं. छातीठोकपणे नाही सांगता येत, त्या म्हणाल्या, पण दुसरं कारण मला दिसत नाही. असलं काम घरात अजून चालू आहे का, असंही त्यांनी विचारलं.

"नाय," एडना म्हणाली. "कधीच बंद केलंय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर बाकावर बसल्याबरोबर तिने माझं मनगट धरलं. "पायसला नाय सांगाचं."

"अगं, वेडी आहेस का? ते अजून रोज घासतायत. तू रोज झाडतेस."

"तू मना शब्द दे. तेला कळलं तर तो आपलेच हात तोडून टाकील. माझ्यामागं तेला ते एकच काम हाय. ते गेलं तर तो भिंतीकडं बघत बसेल आणि मरेल." खोकून झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "शब्द दे, रसिका."

पायसभाऊ कॉरिडॉरच्या टोकाला औषधांची पिशवी घेऊन येताना दिसत होते. घाईत होते, चप्पल फटफट वाजत होती. मी शब्द दिला. चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

घरी जाताना रिक्षात एडनाने त्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले चुलीच्या धुराने झालंय, लहानपणी आय चुलीपुढं बसवायची त्याने. पायसभाऊंनी ते तत्काळ खरं मानलं आणि कापूरबावडीपासून घरापर्यंत त्यांनी तीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूचा उद्धार केला. गॅस आला होता तरी घेतला नाही मेलीने, पोरीला धुरात कोंडली, म्हणाले. एडना खिडकीकडे तोंड करून हसत होती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्यांचा रागही येत होता. पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त करून तिने त्यांचाही छातीचा फोटो काढून घेतला. तो स्वच्छ निघाला. मास्कने त्यांना वाचवलं होतं.

पुढचे पाच महिने कसे गेले ते मी थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगणं माझ्याने व्हायचं नाही. तिच्या हातात जोर राहिला नाही, जुनी सुरी पेलेना. तरी पलंगावर बसून कांदा मीच चिरणार असा हट्ट. पायसभाऊंनी तिच्यासाठी एक छोटी सुरी करायला घेतली, आणि मूठ घेतली ती कंपनीत त्यांनी पहिल्या दिवशी साच्यातून काढलेल्या कुकरच्या मुठीची. ती त्यांनी पंचेचाळीस वर्षं जपून ठेवली होती. आणि घासायला कुठे बसले? तिच्या पलंगाशेजारी. तिला एकटं वाटू नये म्हणून. स्टूल घेऊन, मास्क लावून, हातात कानस घेऊन. मी डबा घेऊन आत गेले आणि ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"इथे बसून घासायचं काही नडलंय का?" मी ओरडले. "तिला श्वास लागतोय, दिसत नाही? बाहेर जा!"

बिचारे घाबरून उठले, पसारा उचलून बाहेर ओट्यावर गेले. एडनाने भिंतीवर टकटक केलं. "पायस, इकडं ये. हिचं नको ऐकू." ते परत येईपर्यंतच्या क्षणभरात ती मला हळू आवाजात म्हणाली, "माझं व्हायचं ते झालं गो. आता तो बाजूला बसतोय, तर बसू दे."

ते आले, बसले, कानस फिरू लागली. तिच्या चादरीवर तपकिरी भुकटी बसत होती आणि ती डोळे मिटून तो आवाज ऐकत पडली होती. मी डबा ठेवला आणि निघाले. त्या दिवशी मी घरी येऊन ताट भिंतीवर फेकलं. कधी केलं नव्हतं असं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. सुरी पूर्ण झाली होती, एकदाही वापरली गेली नाही. ती गेल्याला महिना झाला तेव्हाच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. पायसभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पण कॉलरच्या आतल्या बाजूला मळ दिसत होता. सदरा त्यांनी स्वतः धुतला होता.

मग वर्षभर मी गप्प राहिले. शब्द दिला होता हे एक. आणि मी मनाची समजूत घालायचे, की माणूस एकटा आहे, मास्क लावतो, झाडतोही स्वतःच. काम त्यांनी दुप्पट केलं होतं. तिने सांगितल्याप्रमाणेच होत होतं, कामाने त्यांना धरून ठेवलं होतं. मी दोनचारदा म्हटलं, पाणी लावून घासा, पीठ उडणार नाही. "पाण्याने कड दिसत नाय बाय," म्हणायचे. मी कारण सांगू शकत नव्हते आणि कारणाशिवाय ऐकणारा तो माणूस नव्हता.

नताशा टिटवाळ्याला राहायची. तिचा नवरा नेविल जहाजावर गेला तेव्हा ती चार वर्षांच्या स्वीडलला घेऊन बापाकडे राहायला आली. चांगलं झालं, मी म्हटलं, घरात माणूस आलं. दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी केळफुलाची भाजी द्यायला खाली गेले. मशीन नुकतंच बंद झालं होतं. पायसभाऊ मास्क खुंटीला लावून मागच्या दारी हात धुवायला गेले होते. नताशा पुढच्या खोलीत झाडत होती, एडनासारखीच, मऊ झाडूने, हळूहळू. आणि कोपऱ्यात स्वीडल फतकल मारून बसली होती. तिने त्या भुकटीत वाटीतलं पाणी कालवलं होतं आणि गोल गोल गोळे करून लादीवर मांडले होते. हात कोपरापर्यंत तपकिरी. नाकाच्या शेंड्यालाही लागलेलं.

"आंटी, फुगे केलेत," ती म्हणाली. त्यांच्या घरी सणाला तळतात ते फुगे. "तू खाणार?"

भाजीचा डबा माझ्या हातातून कधी पडला ते कळलं नाही. मी त्या पोरीला उचललं आणि नळाखाली धरलं. ती रडायला लागली. नताशा हसत धावत आली. "अगं काकी, काय झालं? पीठच तर हाय. आम्ही पण लहानपणी हेच खेळायचो, बाबा कंपनीतून आले की त्यांच्या खिशातलं."

मी तिला एवढंच सांगितलं, की झाडू खाली ठेव, पोरीला घे आणि माझ्या घरी जाऊन बस, टीव्ही लाव, मी बोलावेपर्यंत खाली येऊ नकोस. माझा चेहरा बघून तिने उलट विचारलं नाही. मी पुढचं दार लोटलं. एडनाला दिलेला शब्द मी आता मोडणार होते, आणि मनातल्या मनात मी तिलाच दोष देत होते, की बाई, तू गेलीस सुटून आणि हे माझ्या गळ्यात घातलंस.

पायसभाऊ हात पुसत आत आले आणि पुन्हा मास्क घेऊन मशीनकडे निघाले. "एक कड राहिलीय," म्हणाले.

"राहू दे. बसा."

"पोरगी का रडली?"

"बसा तर खरं."

ते स्टुलावर बसले. मी जे सांगायचं ते सरळ सांगितलं. रिपोर्ट देताना सांगायचे तसं. बॅकलाइटमध्ये काय मिसळायचे, ते कुठे जातं, किती वर्षं राहतं, आणि एडनाला काय झालं होतं. चुलीचा धूर नव्हता. हेही सांगितलं, की ही खोली आता कोरड्या झाडूने कुणीही झाडायची नाही, नताशाने तर नाहीच, सगळं ओल्या फडक्याने पुसायचं आणि ती फडकी फेकायची. मी भरभर बोलत होते, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

माझं बोलून झाल्यावर एका कारागिराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कापताना उडतं ते का घासताना उडतं ते?"

"दोन्ही."

"आणि झाडताना?"

मी नताशाने खाली ठेवलेल्या झाडूकडे पाहिलं. झाडताना जास्त, हे त्यांना सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांना उत्तर मिळालं. त्यांच्या हातात मास्क होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, जणू पहिल्यांदाच बघतायत. "कंपनी देत होती," ते म्हणाले. "महिन्याला एक. जास्तीचे पडून असायचे कपाटात. घरी नेले तर चालायचं, कोण विचारत नव्हतं. मी एक पण नाय नेला तिच्यासाठी. कपडे झटकायला मास्क कशाला पायजे, नाय का?"

मी म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं तर मलाही नव्हतं.

ते ऐकत नव्हते. त्यांनी मास्क मांडीवर ठेवला आणि मान वर केली. "एडनाला माहीत होतं?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही रिपोर्टात खोटा आकडा लिहिला नाही. लोकांनी पाया पडून विनवलं तरी नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तिचा पलंग आला, शेजारी हा माणूस कानस घेऊन बसलेला, आणि तिने मिटून घेतलेले डोळे. हे त्यांना कळलं तर ते एक दिवसही जगणार नाहीत असं मला वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टर माझ्या एकटीशी बोलल्या. तिला शेवटपर्यंत धूरच माहीत होता."

त्यांनी हुश्श केल्यासारखा श्वास सोडला. मला वाटलं, चला, एवढं तरी वाचवलं. मग ते हळूहळू मान हलवायला लागले.

"मग तसं का बोलली गो ती?"

"काय बोलली?"

"फादर शेवटचं तेल लावून गेले ना, त्या दिवशी. आमी दोघंच होतो. तिने माझा हात घेतला आणि म्हणाली, पायस, मी तुला माफ केलं. मी म्हटलं, कशासाठी? दारूसाठी? दारू तर वीस वर्षं झाली सोडून. तुझ्या आयेला शिव्या दिल्या म्हणून? तर नाय म्हणाली. हसली. मी म्हटलं, मग कशाला माफ करतंस, मी केलंय काय? तर म्हणाली, आता नको विचारू. ठेवून दे. लागेल तुला कवातरी."

खोलीत सगळीकडे ते तपकिरी बसलेलं होतं. त्यांच्या भुवयांवर, हाताच्या केसांवर. वरून माझ्या घरातला टीव्ही ऐकू येत होता आणि स्वीडल कशाला तरी मोठ्याने हसत होती. माझं खोटं असं दोन मिनिटांत उघडं पडलं होतं आणि त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ते उठले, भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं, वायर काढली, गुंडाळली आणि पुन्हा येऊन माझ्यासमोर बसले. सत्तर वर्षांचा तो उंच माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी करू शकेन अशा नजरेने.

"लागलं बाय," ते म्हणाले. "पण पुरत नाय गो."